गच्चीवरचं सोलर थंडीआधी एकदा धुऊन घ्या

परभणीकडं पारा उतरला की सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी एकच तक्रार: पाणी कोमटच येतंय. पुष्कळदा दोष सोलरचा नसतो, काचेच्या नळ्यांवर बसलेल्या धुळीचा असतो. नळ्या ऊन चढायच्या आत, पहाटेच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते, आणि मग नव्या नळीचा खर्च कोणाच्या माथी, यावर मीटिंग रंगते. बोअरचं पाणी जड असेल तर आतही क्षाराचा पांढरा थर धरतो. टाकीच्या तळाशी असलेला वॉल्व्ह सोडून गाळ निघेपर्यंत पाणी वाहू द्या, तेही पहाटेच. हवेची नळी तुंबली नाही ना, तेवढं बघून घ्या.

गच्चीवर चढलाच आहात तर स्लॅबच्या भेगाही भरून घ्या. पावसाळ्यानंतर स्लॅब कोरडा असतो, तेव्हा हे काम सोपं जातं.

आणि हुरडा पार्टी? जरूर करा, पण गच्चीवर गोवऱ्या पेटवू नका, वॉटरप्रूफिंगचा थर करपतो. खाली मोकळ्या जागेत आगटी खणा. गुळभेंडीची कणसं कोणाच्या तरी शेतातून येतातच. वर्गणीचा विषय तिथंच काढा, हात चोळत बसलेली माणसं लवकर हो म्हणतात.