लिनक्स टाकताय? मग या चुका टाळा (माझ्या करून झाल्यात)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून घरातला जो तो जुना लॅपटॉप उचलून माझ्याकडे येतोय, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि ती यांच्यात नसते. मी बहुतेकांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकून देतो, ४ जीबी रॅमवर ठीक चालते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डी ड्राइव्ह. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की विंडोज सी मध्ये, फोटो डी मध्ये, म्हणजे फोटो सेफ. अहो, डिस्क एकच असते! इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' निवडलं की सी, डी, रिकव्हरी सगळं साफ. सिंहगड रोडच्या मामांचा लॅपटॉप करताना मी हेच केलं, ताईच्या लग्नाचे फोटो गेले, मग फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवून निम्मेअर्धे परत आले पण फाइलींची नावं सगळी गायब, आणि मामी दोन महिने धड बोलली नाही. आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि ती कॉपी उघडून बघा, नुसती झाली असेल म्हणू नका.

लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून बूट होत नाही. रूफस किंवा एचर ही बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारी सॉफ्टवेअर वापरा.

आणि लगेच इन्स्टॉल दाबू नका ना! पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेस बघून घ्या. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर बरेचदा नेटच दिसत नाही, तेव्हा मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करायचं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्यायचा, नाहीतर पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून लॅनची केबल आणा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही? बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज RAID मोडवर असेल, ते AHCI करा. पण विंडोजही ठेवायचं असेल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं सेट करा, नाहीतर ते निळा स्क्रीन दाखवून बसतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्हच होत नाही.

दोन्ही ठेवलेल्यांचा ठरलेला फोन म्हणजे विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे! मदरबोर्डचा सेल गेलेला नाही हो, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला लोकल टाइम वापरायला सांगितलं की मिटलं, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम.

आणि गुरुवारी इन्स्टॉल करायला बसू नका. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते आणि पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी लाइट जायची तर गुरुवारीच जाते, पार्टिशन बनत असताना गेली की परत पहिल्यापासून.