भोकं जुळली म्हणजे रिम बसली असं नाही

मर्सिडीज डब्ल्यू123 ही जुनी गाडी घेतली की पहिल्याच महिन्यात गडी रिम शोधायला निघतो. इंजिनखाली तेलाचं डबकं, स्टिअरिंगला ढिलाई, ते सगळं राहू दे. आधी मॅगव्हील!

5×112 पीसीडी, म्हणजे 112 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बोल्टची पाच भोकं, जुळला की सगळे खूश. ऑफसेट कोणी वाचत नाही. रिमच्या पाठीवर 'ईटी' म्हणून आकडा असतो: हबला (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटर सरकलाय, तो. आकडा वाढला की चाक आत जातं. या गाडीची मूळ अलॉय 6जे×14, म्हणजे 6 इंच रुंद आणि 14 इंच व्यासाची, ईटी30.

मीही शेण खाल्लंय. भंगारातून नव्या मर्सिडीजच्या 7.5जे×16, ईटी41 रिम उचलल्या. 11 मिलिमीटरनं काय बिघडतंय! पण दीड इंच जादा रुंदी दोन्हीकडे निम्मी निम्मी वाटली जाते, हे डोक्यातच आलं नाही. आतल्या अंगाला 19 अधिक 11, म्हणजे 30 मिलिमीटर. दारात उभी गाडी काय देखणी दिसायची! खंबाटकीच्या वळणांवर खर्रखर्र सुरू झाली. मला वाटलं बेअरिंग. घरी येऊन चाक काढलं, तर टायरच्या आतल्या गालातून दोरे बाहेर आलेले. बाहेरून टायर कोराकरकरीत.

आता चार टायर एकदम चढवतच नाही. एकच चढवतो, आत जागा कमी वाटेल तिथे पोरीची खेळायची क्ले थापतो, खालच्या आर्मला जॅक लावून चाक वर दाबतो आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. क्ले चेपली की रिम परत. टायरवाला वैतागतो. वैतागू दे.

ऑक्टाव्हियाच्या रिमचा पीसीडी तोच, पण मधलं भोक 57.1 मिलिमीटर आणि आपला हब 66.6, म्हणजे बसतच नाही. लेथवर भोक मोठं करून देणारे भेटतात. मी त्या वाटेला जात नाही.

मूळ बोल्टची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोल असते. शंकूसारख्या बैठकीच्या बोल्टनं त्या रिम आवळू नका.

स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मधली चकती, घातला की बोल्ट लांब हवेत. हातानं फिरवून मोजा, निदान 8 आटे बसले पाहिजेत. फार लांब घेतले तर मागे हँडब्रेकच्या शूजना अडतात.

16 इंची रिमला टायर 205/55 आर16 घ्या, उंची मूळ 195/70 आर14 च्या जवळपास तेवढीच राहते.

हवेच्या गननं बोल्ट आवळणाऱ्याला ते फक्त टेकवू द्या. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं (किती जोर लागला ते मोजणारा पाना), 110 न्यूटनमीटर, आणि शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा. पाना माझ्या डिकीतच असतो.