सेकंड हँड गाडीतला दोष कंपनीकडून दुरुस्त करून घेताना

सेकंड हँड गाडीत मोठा बिघाड निघाला की आपण सर्व्हिस सेंटर गाठतो आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं: "गाडी तुम्ही आमच्याकडून घेतलेली नाही." हे अर्धंच खरं आहे. विक्रीचा व्यवहार तुमचा विकणाऱ्याशी झाला, पण कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा चॅसिस नंबरला चिकटलेली असते आणि मालक बदलला तरी चालू राहते. म्हणून "मी दुसरा मालक" या मुद्द्यावर वाद अडकू देऊ नका. बोलणं दोनच गोष्टींवर ठेवा: या चॅसिस नंबरवर काय शिल्लक आहे आणि बिघाड कशामुळे झाला.

शिल्लक काय आहे ते आधी काढा. चॅसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे कुणी ‘ओ’ लिहून दिलं असेल तर तो शून्य समजा. हा नंबर सर्व्हिस सेंटरला देऊन तीन गोष्टी प्रिंट स्वरूपात मागा: वॉरंटी सुरू झाल्याची तारीख, आजवरच्या सर्व्हिसची नोंद, आणि बाकी असलेले रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं), सर्व्हिस कॅम्पेन (कंपनीने स्वतःहून काढलेली दुरुस्तीची मोहीम) किंवा सॉफ्टवेअर अपडेट. वॉरंटी गाडी तयार झाल्याच्या वर्षापासून मोजत नाहीत. पहिल्या मालकाच्या ताब्यात गाडी गेली त्या दिवसापासून मोजतात. गाडी शोरूमच्या आवारात सहा महिने उभी राहिली असेल तर ते सहा महिने तुमच्या पदरात पडतात.

‘वॉरंटी संपली’ असं उत्तर आलं तरी कुठली संपली ते विचारा. एकाच गाडीवर बऱ्याचदा चार-पाच मुदती चालू असतात: संपूर्ण गाडीची, रंगाची, पत्रा गंजून आरपार भोक पडण्याची, धूर नियंत्रणाच्या भागांची. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीला वेगळी मुदत असते. अनेक कंपन्या ती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती, अशी देतात. आधीच्या मालकाने घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र आपोआप तुमच्या नावावर होईलच असं नाही. ती ठरावीक दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावी लागते आणि हे दिवस थोडे असतात.

रिकॉलचं तंत्र वेगळंच आहे. सुरक्षेच्या कारणाने काढलेल्या रिकॉलचं काम सर्वसाधारणपणे फुकट होतं, मालक कितवा का असेना, वॉरंटी असो वा नसो. अडचण अशी की रिकॉलचं पत्र कंपनीच्या दप्तरातल्या मालकाला जातं, म्हणजे गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाला. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब होत होता. जगभर कोट्यवधी गाड्या त्यासाठी बोलावल्या गेल्या, आणि गाड्या हातोहात विकल्या गेल्यामुळे मालकांपर्यंत पोचणं ही मोठी डोकेदुखी ठरली. म्हणून गाडी घेतल्या घेतल्या आपलं नाव, पत्ता आणि फोन कंपनीच्या ग्राहक नोंदीत घालून घ्या. दुसरं उदाहरण फोक्सवॅगनचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने सात-स्पीड डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभर परत बोलावल्या आणि गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरलं. अशी मोहीम तुमच्या मॉडेलवर झालेली असेल आणि तुमच्या गाडीच्या नोंदीत ते काम दिसत नसेल, तर तुमच्या हातात चांगला मुद्दा आहे.

तांत्रिक बुलेटिनबद्दल मात्र गैरसमज नको. अमुक लक्षण दिसलं तर अमुक भाग बदला, अशी ती टेक्निशियनला दिलेली सूचना असते. त्यात फुकट दुरुस्तीचं वचन नसतं. पण दोष कंपनीला ठाऊक होता हे त्यातून दिसतं, आणि पुढे सवलत मागताना त्याचा उपयोग होतो.

आता पुरावा. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. डॅशबोर्डवर दिवा लागला की ओळखीच्या मेकॅनिककडे जाऊन तो ‘घालवून’ घेतात. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा एरर कोड पुसला की त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष घडला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम, तापमान, वेग आणि लोड किती होते ती नोंद. बॅटरीची तार काढली तरी बऱ्याच गाड्यांत हेच होतं. आधी स्कॅनरवरचे (कोड वाचायच्या यंत्रावरचे) कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचे फोटो घ्या. कोडच्या पहिल्या अक्षरानंतर शून्य असेल, जसं पी००१६ किंवा पी०२९९, तर तो सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. एक असेल तर त्या कंपनीचा खास कोड, आणि त्याचा नेमका अर्थ कंपनीच्याच माहितीत मिळतो. पी००१६ म्हणजे इंजिनमधल्या क्रँक आणि कॅम या दोन फिरत्या दांड्यांचा मेळ चुकला. कोडचं काम तिथे संपतं. त्यांना जोडणारी टायमिंग चेन ताणली आहे, ती घट्ट ठेवणारा टेन्शनर गेला आहे की नुसता सेन्सर खराब आहे, हे शोधणं टेक्निशियनचं काम. तेव्हा "माझी टायमिंग चेन बदला" असं सांगू नका. तुम्ही लक्षण सांगा, निदान त्यांना करू द्या. तुमचं निदान चुकलं तर तपासणीचं बिल तुमच्या माथी येतं.

अधूनमधून होणारा बिघाड सर्व्हिस सेंटरसमोर होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. थंड इंजिनचा खडखडाट घ्या. तो दोन-तीन सेकंद टिकतो, आणि गाडी तिथवर चालवत नेली की इंजिन तापलेलं असतं. त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळी तिथेच लावा, सकाळी टेक्निशियन शेजारी उभा असताना सुरू करा. घरीही व्हिडिओ घ्या: आधी ओडोमीटर आणि बाहेरचं तापमान दिसू द्या, मग बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. व्हिडिओ मधे कापू नका. गिअर अडकण्याचा त्रास असेल तर तो कधी होतो ते शोधा: किती मिनिटं चालवल्यावर, कुठल्या गिअरमधून कुठल्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीला. इंजिन तेल खात असेल तर कंपनी बहुधा स्वतःची चाचणी लावते: तेल कमाल खुणेपर्यंत भरतात, झाकण आणि ड्रेन बोल्ट सील करतात, साधारण हजार किलोमीटर चालवून किती कमी झालं ते मोजतात. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर, क्वचित त्याहून जास्त तेल ‘सामान्य’ धरतात. आकडा ऐकून संताप येतो, पण चाचणी टाळू नका. तिच्याशिवाय दावा मंजूर होत नाही. मधल्या काळात डिपस्टिक बघत राहा आणि पातळी किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. कोरड्या इंजिनचं नुकसान तुमच्याच खात्यावर लिहिलं जाईल.

खरी लढाई जॉब कार्डावर होते, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तुमची तक्रार आणि केलेलं काम लिहितं त्या कागदावर. कंपनीचा वॉरंटी विभाग तुम्हाला किंवा तुमच्या गाडीला पाहत नाही, तो जॉब कार्ड वाचतो. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत "गाडी चेक करणे" किंवा "आवाज येतो" एवढंच लिहितो. त्यावर सही करू नका. असं लिहून घ्या: "रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिनच्या पुढच्या बाजूने ३ सेकंद खडखडाट, आठवड्यात ५ वेळा, ग्राहकाने व्हिडिओ दिला आहे, ओडोमीटर ६२,४१०." गाडी परत घेताना शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. "दोष आढळला नाही" असेल तर दोष शोधायला काय केलं, किती किलोमीटर चालवली, इंजिन थंड होतं का, हे त्याखाली लिहायला सांगा. टेस्ट राइडला स्वतः सोबत जा. आणि तोंडी तक्रार करून तसेच परत येऊ नका. कार्ड उघडलंच नाही तर ती फेरी झालीच नाही असं धरलं जातं, आणि तिसऱ्या खेपेला "तुम्ही पहिल्यांदाच येताय" ऐकावं लागतं. वॉरंटीची मुदत संपत आली असेल तर याची किंमत फारच मोठी, कारण मुदतीत नोंदवलेली तक्रार मुदत संपल्यावरही लावून धरता येते.

नकार साधारण चार कारणांनी येतो: सर्व्हिस चुकवली, गाडीत फेरफार केले, अपघात किंवा पाणी, आणि घासून झिजणारा भाग. प्रत्येकाला एकच प्रश्न: या कारणामुळे हाच भाग कसा बिघडला? उशिरा बदललेल्या तेलाचा पॉवर विंडोच्या मोटरशी संबंध नाही, पण टर्बोच्या बेअरिंगशी आहे, तिथे वाद घालून उपयोग नाही. नकार लेखी मागा, त्यात कारण आणि खराब भागाचे फोटो मागा. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायची परवानगी देण्याआधी लिहून घ्या की दोष वॉरंटीत बसला नाही तर उघडण्याची मजुरी किती. मोघम ‘बघू’ वर सही केली की सुट्या भागांच्या ढिगाऱ्यासमोर उभं राहून घासाघीस करावी लागते. दावा मोठा असेल तर गाडी उघडण्याआधी त्रयस्थ तंत्रज्ञाकडून लेखी अहवाल घ्या. इंजिनचा वाद असेल तर तेलाचा नमुनाही: इंजिन गरम असताना तेल सोडा, सुरुवातीची धार जाऊ द्या, मधल्या धारेतून साधारण १०० मिलिलिटर स्वच्छ बाटलीत भरा. प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियम-पोटॅशियम वाढलेलं असेल तर कूलंट तेलात शिरल्याचा संशय, सिलिकॉन वाढलं असेल तर बहुधा धूळ, लोखंड वाढलं असेल तर झीज.

मुदत खरोखरच संपली असेल तर गुडविल मागायचं, म्हणजे कंपनीने हक्क म्हणून नव्हे तर संबंध राखण्यासाठी उचललेला खर्चाचा वाटा. मुदत नुकतीच संपलेली, किलोमीटर कमी, सर्व्हिसची नोंद सलग आणि दोष माहितीतला, अशी जुळणी असेल तर दार उघडं असतं. अर्ज दुरुस्तीच्या आधी करा. बाहेर काम उरकून बिल पाठवलं की तपासायला जुना भागच उरत नाही. सर्व्हिस मॅनेजरला प्रकरण कंपनीच्या तांत्रिक प्रतिनिधीकडे पाठवायला सांगा आणि त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक विभागाकडे एका पानाचं पत्र टाकून तक्रार क्रमांक घ्या. पत्रात चॅसिस नंबर, वॉरंटी सुरू झाल्याची तारीख, ओडोमीटर, जॉब कार्डांचे नंबर तारखांसह, लक्षण दोन ओळींत, आणि शेवटी नेमकी मागणी: "भागांची पूर्ण किंमत कंपनीने द्यावी, मजुरी मी देतो." मागणी मोघम असली की सवलतीच्या कूपनवर बोळवण होते. पहिला देकार क्वचितच शेवटचा असतो. पाच पत्त्यांवर पाच पत्रं पाठवू नका; पाच वेगवेगळी प्रकरणं उघडतात आणि टोलवाटोलवीला निमित्त मिळतं.

दरम्यान विकणाऱ्याला मोकळं सोडू नका. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर पुष्कळ देशांत त्याची जबाबदारी कंपनीच्या जबाबदारीपेक्षा पक्की असते. तिथली मुदत मात्र छोटी असते, आणि कंपनीच्या उत्तराची वाट पाहता पाहता ती निघून जाते. दोघांना एकाच दिवशी लेखी कळवा. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, इंधनगळती यांचा दोष असेल तर वाहन सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेकडेही नोंद करा. तिथून तुमची गाडी दुरुस्त होणार नाही, पण अशाच तक्रारी साठल्या की चौकशी आणि रिकॉल निघतो.

काम झाल्यावर गाडी घ्यायला थंड इंजिनच्या वेळी जा, दोष ज्या परिस्थितीत यायचा त्याच परिस्थितीत चालवून बघा. बिल शून्य रुपयांचं असलं तरी मागा. त्यावर बदललेल्या भागांचे नंबर आणि ओडोमीटर हवा, कारण नव्या भागाला किती वॉरंटी आहे ते त्यावरून ठरतं. "माझं पूर्ण समाधान झालं, यापुढे तक्रार नाही" असं छापलेला कागद पुढे केला तर त्याखाली हाताने लिहा: "काम तपासण्याच्या अधीन." मगच सही करा.