बार्बिझाँला जाताय? या चुका टाळा

पॅरिसच्या दक्षिणेला साधारण ६० किलोमीटरवर, फाँतेनब्लोच्या जंगलाला अगदी चिकटून, एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गचित्रकारांमुळे नावाजलेलं बार्बिझाँ हे छोटंसं गाव आहे. मी जवळच राहते. सुट्टीत येणारे नातेवाईक असोत की फाँतेनब्लोला मॅनेजमेंट शिकायला आलेली मराठी मुलं, त्यांना तिथे न्यायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. चुका त्याच त्या होतात आणि इतक्या लांबून आलेल्या माणसांचा दिवस फुकट जातो. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली चूक म्हणजे फाँतेनब्लोचा राजवाडा बघून झाल्यावर उरलेल्या दोन तासांत बार्बिझाँ उरकणं. ग्राँद र्‍यू हा गावचा मुख्य रस्ता. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत फोटो काढले की दगडी भिंती आणि वेली एवढंच हाती लागतं. पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा, १८४९ साली, मिले हा चित्रकार बायकामुलांना घेऊन इथे आला आणि १८७५ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याचं घर बघता येतं. जुन्या गान्न खानावळीत आता संग्रहालय आहे. चित्रकार तिथे जेवायचे, राहायचे आणि पावसात बाहेर जाता आलं नाही की घरातल्या फर्निचरवर, भिंतींवरच रंगवत बसायचे. ती रंगवलेली कपाटाची दारं अजून आहेत. त्यांच्यासमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं असतं, पण घाईत आलेला माणूस दाराकडे बघतसुद्धा नाही. राजवाडा आणि गाव वेगवेगळ्या दिवशी करा. मंगळवारी येऊच नका, राजवाडा आणि हे संग्रहालय दोन्ही बंद असतात.

मिलेची मूळ चित्रं गावात शोधू नका. सरवा वेचणाऱ्या बायकांचं चित्र आणि संध्याकाळची घंटा ऐकून शेतात माना खाली घालून उभं असलेलं जोडपं, ही दोन्ही पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. ती आधी तिथे बघा, मग गावाबाहेर, शेजारच्या शाई-आँ-बिएर गावच्या शेतांत या. ती सपाट जमीन लगेच ओळखू येते.

आता जंगल. इथे माझा जीव खरोखर टांगणीला लागतो.

माझा मावसभाऊ सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकलेला. तो आणि वहिनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आले. दुपारी तीनला आप्रमाँच्या घळीकडे निघाले. नकाशा देत होते तर म्हणाला, "अगं, फोन आहे की. आणि हे काय, सपाट रान." त्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, हे त्याच्या लक्षात नव्हतं. निळ्या खुणांची वाट फार वळणं घेते म्हणून त्याने खडकांमधून सरळ शॉर्टकट मारला. अंधार पडला, पायाखाली वाळू, चारी बाजूंना एकसारखे दिसणारे भलेमोठे खडक आणि फोनची बॅटरी संपत आलेली. शेवटी वहिनी एका चौकात पोचल्या, झाडावरच्या पाटीवरचं नाव त्यांनी फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवलं, तेव्हा कुठे आम्ही त्यांना गाठलं. वहिनींचे हात थंडीने गारठले होते. भाऊ परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही.

या वाटा वळणं घेतात त्याला कारण आहे. नेपोलियनच्या सैन्यातला जुना शिपाई देनकूर याने १८४२ पासून त्या आखल्या. उत्तम खडक, जुने ओक आणि लांबवरचे देखावे वाटसरूला एकामागून एक दिसावेत म्हणूनच त्याने त्या फिरवून नेल्या. शॉर्टकट मारणारा नेमकं तेच गमावतो. शिवाय सरकारी जंगलच सुमारे १७,००० हेक्टर आहे, त्याला टेकडीवरचं रान समजू नका.

माझी सवय सांगते. झाडावर किंवा खडकावर निळी खूण दिसली की पुढची शोधते. पाच मिनिटं चालून दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे जाते, अंदाजाने पुढे कधीच नाही. पांढरी-लाल पट्टी लांब पल्ल्याच्या वाटेची असते, तिच्या मागे लागलात तर भलतीकडे पोचाल. आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा २४१७ ओटी हा कागदी नकाशा पिशवीत ठेवते. प्रत्येक चौकाच्या पाटीचा फोटो काढते. अडचण आली तर ११२ ला तेच नाव सांगायचं. आणि परतीची वेळ सूर्यास्ताच्या दोन तास आधीची.

पहिल्यांदाच येत असाल तर आप्रमाँचा हट्ट नको. आले ओ वाश, म्हणजे गावची गुरं रानात जायची ती वाट, तेवढीच चाला. तिथे जवळच खडकात मिले आणि रूसो यांचे चेहरे बसवलेले आहेत. रूसो म्हणजे चित्रकार तेओदोर रूसो, झाडं तोडू नका म्हणून सम्राट तिसऱ्या नेपोलियनकडे दाद मागणारे. १८६१ मध्ये १,०९७ हेक्टर रान चित्रकारांसाठी राखून ठेवलं गेलं, ते अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ११ वर्षं आधी.

बाकीचं थोडक्यात. जेवण दोनच्या आत, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. दुकानात शिरताना आधी "बाँजूर" म्हणा, मग विचारायचं ते विचारा. ओल्या खडकावर चढू नका, तुम्ही घसराल आणि भिजलेला वालुकाश्म तुटतोही. रानात सिगारेट किंवा शेगडी अजिबात नको. घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड बघा. फाँतेनब्लो-आव्हाँ स्टेशनवरून येणार असाल तर परतीची टॅक्सी सकाळीच सांगून ठेवा, बस मोजक्याच असतात.

आणि वेळ उरला तर गाडीत बसून राहू नका. शेतांमधून शाई-आँ-बिएरपर्यंत चालत जा, दोनेक किलोमीटर सपाट रस्ता आहे. तिथल्या दफनभूमीत रूसो आणि मिले दोघेही आहेत.