क्लोद लोरॅनचं निसर्गचित्र कसं वाचावं

गोव्यात फोंड्याला चित्रकला शिकवताना मी सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार क्लोद लोरॅन याचं 1648 सालचं, बायबलमधल्या इसहाक आणि रिबेकाच्या लग्नाचं चित्र मुलांना दाखवतो. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पडद्यावर आलं, की कुणीतरी विचारतंच, "सर, हें खंय आसा?" म्हणजे, ही जागा कुठे आहे?

कुठेच नाही. क्लोद रोमभोवतीच्या माळरानात हिंडून रेखाटनं करायचा आणि चित्र मात्र चित्रशाळेत रचायचा. म्हणून जागा शोधत बसू नका, रचना शोधा. आधी कडेची झाडं पाहा. जत्रेतल्या नाटकाच्या विंगांसारखी ती उभी असतात आणि नजर मधल्या उजेडाकडे नेतात. मग डोळे बारीक करा: जवळची जमीन तपकिरी, पुढे हिरवी, लांबचे डोंगर निळसर. चित्रातली खोली या रंगांच्या उतरंडीतून येते.

आता माणसांकडे या. इथे लोक नाचताहेत, पाणचक्की आहे, गुरं आहेत, पण कष्ट कुणाच्याच अंगावर दिसत नाहीत. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या धनगराला विचारा, गुरांमागे दिवस कसा जातो ते. हे गुराखी रानातून कमी आणि कवितेतून जास्त आले आहेत, रोमन कवी व्हर्जिलच्या गोपगीतांतून. आणि त्यातलं पहिलंच गीत वाचलं, की मी दर वेळी थांबतो. एक गुराखी झाडाखाली पावा वाजवतोय; दुसरा, मेलिबियस, शेळ्या हाकत गाव सोडून चाललाय, कारण त्याची जमीन एका सैनिकाला दिली गेली आहे. इसवी सनापूर्वी 42 मध्ये फिलिप्पीची लढाई झाली, त्यानंतर सैनिकांना खरोखरच अशा जमिनी वाटल्या होत्या. या सुखी रानाच्या मुळाशीच बेघर झालेला माणूस आहे. क्लोदच्याच काळातला फ्रेंच चित्रकार निकोला पूसँ याने तर या सुखामागचं दुःख उघडच रंगवलं: पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या त्याच्या चित्रात आर्केडियाचे, म्हणजे कवितांतल्या सुखी रानाचे, मेंढपाळ कबरीवरचा लेख बोटाने वाचताहेत.

तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा, की चौकटीबाहेर काय ठेवलंय?

सराव घरीच होईल. गोव्याचं कुठलंही कॅलेंडर घ्या. हिरवंगार खाजन शेत (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल जमीन), माड, मागे पांढरी इगर्ज, म्हणजे चर्च. विंगा कुठल्या, उजेड कुठून येतो, ते पेन्सिलीने खुणावा. मग बांध आणि मानस (बांधातली पाण्याची दारं) शोधा, ज्यांच्यामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही. दिसले नाहीत, तर समासात लिहा: बांध कोण घालतं, शेत कुणाचं, कसतं कोण.