स्टीलचं पिस्तूल आणि पॉलिमरचं पिस्तूल : एकाची सवय दुसऱ्यावर चालवू नका

टेक्सासमध्ये आमच्या मराठी मंडळींपैकी कोणाला पहिलं पिस्तूल घ्यायचं असलं की मला फोन येतो, आणि प्रश्न ठरलेला, नाइन्टीन इलेव्हन (१९११, स्टीलचं जुनं अमेरिकन पिस्तूल) घेऊ का ग्लॉक (पॉलिमर, म्हणजे टणक प्लास्टिकच्या फ्रेमचं)? तोवर तो माणूस दुकानात दोन्ही हातात धरून आलेला असतो, १९११ जड पण भारदस्त वाटलेलं असतं आणि ग्लॉक हलकं, "प्लास्टिकचं" वाटलेलं असतं, आणि त्यावरच मत बनलेलं असतं. माझं मत असं की दोन्ही उत्तम आहेत, पण दोघांची वागणूक वेगळी आहे आणि बहुतेक घोटाळे एकाची सवय दुसऱ्यावर चालवल्यामुळे होतात.

त्याआधी एक गोष्ट, कारण ही चूक आपल्याच लोकांत होते. एच वन बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर इथल्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवता येत नाहीत, चालू शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. आणि जवळ ठेवणं म्हणजे विकत घेणंच असं नाही, मित्राची गन रेंजवर (नेमबाजीच्या जागी) हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. ऑफिसमधला कोणी "चल रे, काही होत नाही" म्हणाला म्हणून जाऊ नका, आधी वकिलाला विचारा.

आता सगळ्यात घातक चूक. माझे बाबा फौजेत होते, त्यांच्या वेळी ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं ९ एमएमचं ब्राउनिंग असायचं, म्हणून मी इथे पहिलं घेतलं ते जुनं बेल्जियमचं ब्राउनिंग हाय पॉवर. १९३५ चं मॉडेल, अख्खं स्टीलचं, १३ गोळ्यांचं मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी). त्यात एक गोष्ट अशी की मॅगझीन काढलं की ट्रिगर ओढून घोडा पडतच नाही, म्हणजे गोळी उडत नाही. दोन वर्षं तेच वापरल्यावर हाताला नकळत सवय लागते की मॅगझीन बाहेर म्हणजे पिस्तूल शांत. मग मी ग्लॉक १९ घेतलं. ग्लॉक साफ करायला उघडताना ट्रिगर ओढावाच लागतो, त्याशिवाय स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) निघत नाही, आणि मॅगझीन नसलं तरी चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकातली) गोळी ते उडवतं. एका रविवारी रेंजवरून येऊन मी मॅगझीन काढून टेबलावर ठेवलं आणि बोट ट्रिगरकडे जाणार एवढ्यात बायको म्हणाली, "चेंबर बघितलंस का?" स्लाइड ओढली तर पिवळीधमक गोळी उडून मॅटवर पडली आणि गडगडत कडेला गेली. पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे होतं आणि भिंतीपलीकडे मुलीची खोली.

त्या दिवसापासून क्रम कधी बदलला नाही. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड दोन-तीनदा पूर्ण मागे, मग ती मागेच अडकवून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. क्रम उलटा केलात, म्हणजे स्लाइड आधी आणि मॅगझीन नंतर, तर जुनी गोळी बाहेर पडते आणि नवी आत जाऊन बसते, आणि तुम्हाला वाटतं रिकामं केलं. १९११ उघडायला ट्रिगर ओढावा लागत नाही, त्यामुळे तिकडून ग्लॉककडे येणाऱ्यांनी तर हे घोकूनच ठेवावं.

दुसरं, खटका, म्हणजे हाताने लावायची सेफ्टी. १९११ ला अंगठ्याचा खटका आहे आणि मुठीमागेही एक सेफ्टी आहे. साध्या ग्लॉकला बाहेरून लावायचा खटकाच नाही, जे काय आहे ते ट्रिगरवरची छोटी पट्टी आणि आतली यंत्रणा. त्यामुळे ते नुसतं कमरेला खोचणं, बॅगेच्या कप्प्यात टाकणं अजिबात नको, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर पाहिजेच. होल्स्टरमध्ये परत घालताना सावकाश आणि बघून घाला, जॅकेटच्या दोरीची गाठ आत अडकून ट्रिगर ओढला जाऊ शकतो. उलट ग्लॉकवाला १९११ कडे गेला की खटका काढायलाच विसरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे लावायला विसरतो.

अंगठ्याचंही तसंच. १९११ वर अंगठा खटक्यावर, उंच ठेवायची पद्धत आहे, तीच पकड ग्लॉकवर ठेवली की अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या कळीवर) पडतो आणि शेवटची गोळी गेल्यावर स्लाइड मागे अडकत नाही. लोक मॅगझीन बदलून बघतात, स्प्रिंग बदलतात, पिस्तूल दुकानात परत घेऊन जातात, आणि दोष अंगठ्याचा असतो. ग्लॉकच्या मुठीचा कोनही जास्त तिरका, १९११ ची सवय असलेल्या हाताला त्याचं तोंड आधी वर जातं, हजारभर गोळ्यांनी ते जमतं. आणि मनगट ढिलं सोडू नका, १९११ रिकामं असतानाच १.१ किलोच्या आसपास आणि ग्लॉक १९ त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, हलकी फ्रेम हातासोबत मागे जाते आणि स्लाइडला पूर्ण मागे जायला जोर मिळत नाही, मग काडतूस अडकतं.

तुलना करताना जाड .४५ गोळीचं १९११ आणि ९ एमएमचं ग्लॉक चालवून "पॉलिमरला धक्का कमी" असं म्हणू नका, तो फरक गोळीचाही आहे. १९११ ९ एमएममध्येही मिळतं, ते भाड्याने घ्या, दोन्हीतून पन्नास-पन्नास गोळ्या कागदावर मारा आणि मग बोला. आणि पॉलिमर फक्त फ्रेम असते, नळी आणि स्लाइड स्टीलचीच, एअरपोर्टच्या मशीनमध्ये दिसत नाही ही निव्वळ थाप आहे.

देखभालीत स्टीलचं कौतुक जास्त करावं लागतं. ह्यूस्टनची हवा म्हणजे आपलं कोकणच, निळसर पॉलिशचं पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवलं तर चामडं ओल धरतं आणि काही आठवड्यांत ठिपके येतात. होल्स्टर वेगळं ठेवा, पिस्तूल तेलाच्या फडक्याने पुसून सिलिका जेलसोबत तिजोरीत. १९११ जोडताना स्लाइड स्टॉप घाईने फिरवला की फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा उठतो, तो मग आयुष्यभर दिसतो. आधी फ्रेमवर मास्किंग टेपचा तुकडा लावा, स्टॉपची पिन नळीखालच्या लिंकमधून (छोट्या कडीतून) आरपार घाला, आणि शेवटी प्लंजर (स्प्रिंगवरची छोटी खुंटी) आत दाबून स्टॉप सरळ आत ढकला. चेंबरमध्ये हाताने गोळी टाकून वरून स्लाइड सोडू नका, १९११ चा एक्सट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) स्वतःच स्प्रिंग असतो, त्याचा ताण बिघडतो आणि मग रिकामी काडतुसं बाहेर यायला कुरकुर करतात. नेहमी मॅगझीनमधूनच भरा. तेल १९११ च्या रेल्सवर (स्लाइड सरकते त्या पट्ट्यांवर) सढळ हाताने, ग्लॉकला मात्र चार-पाच थेंब बास, आणि स्ट्रायकरच्या (गोळीवर आपटणाऱ्या पिनच्या) खोबणीत एकही नको, तिथे जळक्या पावडरचा चिखल होतो.

आणि पिस्तूल अडकायला लागलं की लगेच कानस घेऊन बसू नका. आधी मॅगझीन बघा, मग गोळ्या बदलून बघा (जुन्या १९११ ला गोल टोकाच्याच आवडतात, होलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या, अडकतात), मग रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी). प्रत्येक मॅगझीनच्या तळाला पेंटने नंबर टाका आणि कुठलं अडकलं ते लिहून ठेवा. माझ्या १९११ ची तीन मॅगझिनं, महिनाभर मी पिस्तुलालाच दोष देत होतो, वही बघितली तर प्रत्येक वेळी २ नंबरच होतं, त्याचे गोळी धरणारे वरचे ओठ जरासे उघडले होते. आता ते मॅगझीन अडकलेली गोळी सोडवायच्या सरावापुरतंच रेंजवर नेतो.