उबंटूवर (लिनक्स) १२ व्होल्टचा पुरवठा १ व्होल्ट दाखवतो? माझा अनुभव

सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा हिशेबाचा पीसी. व्होल्टेज-तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' कमांड दिली की इन४ या चॅनेलवर (चिपच्या मोजणीच्या इनपुटवर) १.००८ व्होल्ट, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग स्क्रीनवर) मात्र १२.०९६.

एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलला, बायोस अपडेट केला, सेन्सर चिप शोधणारं सेन्सर्स-डिटेक्ट पुन्हा चालवलं. दोन दिवस पाण्यात.

दोष पॉवरचा नव्हताच. मदरबोर्डवरची व्होल्टेज मोजणारी नुवोटॉन एनसीटी६७७९ चिप साधारण २ व्होल्टपर्यंतच मोजते, म्हणून बोर्डावरचे रेझिस्टर १२ व्होल्ट विभागून तिच्याकडे देतात. किती पट, ते बोर्ड कंपनी ठरवते. ड्रायव्हरला ते ठाऊक नसतं.

आधी मल्टिमीटर डीसी २० वर. एसएमपीएसच्या मोलेक्सच्या (चार वायरींच्या कनेक्टरच्या) काळ्या वायरीत काळा प्रोब, पिवळीत लाल. आला १२.०८. भागिले १.००८, म्हणजे १२ पट. लाल वायरीवर ५ व्होल्ट, तिथे ५ पट.

गंमत अशी की १२ आणि ५ व्होल्टचे दोन्ही चॅनेल गुणण्याआधी १ च्या आसपासच असतात, अदलाबदल सहज होते. सीपीयूवर पूर्ण लोड टाका. जो खाली सरकतो तो बहुधा १२ चा. बायोसशीही ताडून बघा.

मग इटीसीतल्या सेन्सर्स.डी फोल्डरात नवी फाइल (रूट म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून), कीवर्ड, चिप-चॅनेलची नावं आणि आकडे अर्थात इंग्रजीत. @ म्हणजे चिपचा मूळ आकडा:

चिप "एनसीटी६७७९-*"
लेबल इन४ "+१२ व्होल्ट"
कॉम्प्युट इन४ @*१२, @/१२

स्वल्पविरामानंतरचा उलटा भाग विसरू नका. ५ व्होल्टच्या चॅनेलसाठी अशाच लेबल आणि कॉम्प्युटच्या दोन ओळी, १२ च्या जागी ५. ३.३ व्होल्टच्या चॅनेलना हात लावू नका, ते बरोबरच असतात.

रीस्टार्ट नको, 'सेन्सर्स' कमांड पुन्हा द्या. आकडा ०.०९६ च्या टप्प्यानेच हलेल. चिपचा टप्पा ८ मिलिव्होल्ट, गुणिले १२. ११.४० ते १२.६० मध्ये असेल तर १२ व्होल्टचा पुरवठा मर्यादेत.